शेवळांची खाज

तुम्हाला सांगते, गेल्या पावसाळ्यात मी हौसेनं शेवळांची रानभाजी केली आणि घरात सगळ्यांचे घसे खाजायला लागले. सासूबाईंना तर धड बोलताही येईना. दुसऱ्या दिवशी मी तणतणत भाजीवाल्या बारकूबाईंकडे गेले. त्या दिघाशीहून आमच्या टेमघरला येतात.

"काकडं घातली व्हती का?" त्यांनी विचारलं.

"काकडी? शेवळात?"

"काकडी न्हाय गो, काकडं. आंबट फळं हायेत ती. त्यांच्या रसानं खाज जाते."

मग टोपली उचलून त्या थेट माझ्या घरी आल्या. शेजारच्या चौघी जमल्या. बारकूबाईंनी आम्हाला शेवळं निवडण्यापासून शिजवण्यापर्यंत सगळं शिकवलं. मी पहिलं ताट सासूबाईंपुढे ठेवलं. त्यांनी ते बारकूबाईंकडे सरकवलं आणि म्हणाल्या, "आधी मास्तरीणबाई जेवतील." मग स्वतः त्यांच्या शेजारी बसून पोटभर जेवल्या.