अपेक्षाचा भागाकार

— नाई नाई, खुर्चीवर तुमी बसा मॅडम, मी बसते सतरंजीवर, मले सवय हाये. इथीच तं बसत होते आमी सगळे, विहाराच्या ह्या ओसरीत — मी मधात आन सहा पोट्टे अर्धगोल. फळा त्या खांबाले टेकवलेला. फळा तुमच्या संस्थेवाल्यांनी परत नेला, त्याचा खिळा राहिला बघा. हां, तं कुठून सांगू? माझं नाव तं तुमच्या कागदावर हायेच — दीपमाला. डी.एड. झालेली, पण भरती निघाली नाई आन निघाली तवा वय निघालं. मंग तुमच्या संस्थेचे कुंदन सर आले गावात, म्हणे तिसरी-चौथीतले जे लेकरं गणितात मागं हायेत त्यायचे सहा-सहाचे गट करायचे, शाळा सुटल्यावर एक तास शिकवायचं. मी म्हतलं, हो. त्यात काय विचारायचं? पाटी-खडू हाती धरून किती वर्सं झाले होते मले! — मी अशीच बोलते हं, वऱ्हाडीत. तुमच्या पुस्तकात तुमी नीट करून घ्या. पहिले मी पाठ केलं होतं, 'सदर उपक्रमातून मला समाधान लाभले' असं, पण ते काही निघून नाई राहिलं तोंडातून.

अपेक्षाबद्दल विचारून राहिले न तुमी? मले माहीतच होतं. तुमच्या तक्त्यावर तिचीच रेघ सर्वात उंच गेली हाये — जून महिन्यात 'शून्य' आन फेब्रुवारीत 'भागाकार'. आठ महिन्यात इतकी मोठी उडी साऱ्या तालुक्यात कोणी नाई मारली, कुंदन सरच म्हणत होते. शून्य म्हणजे कसं, सांगू का? पोरगी नऊ वर्साची, चौथीत. वीसपर्यंत आकडे म्हणे, धडाधडा म्हणे, पण समोर सात चिंचोके ठेवले तं कवा आठ होत, कवा सहा. तिची चूक नव्हती. तिचा बाप श्याम आन माय जमुना, दोघं वीटभट्टीवर जात दिवाळी झाली की, आन पोरीले घेऊन जात — गटाच्या वर्सीच तेवढे गावात राहिले. पहिली-दुसरी तिची भट्टीवरच गेली. हजेरीत मात्र ती इथी हजर. शाळेले पट पायजे, बाप्पा. गरिबाचं लेकरू दोन ठिकाणी हजर राहू शकते, कागदावर.

पहिले पहिले ती बोलेच ना. वजाबाकी देली — बावन्नातून सत्तावीस — तं लिवे पस्तीस. रोज पस्तीस. मी म्हणो, काहून व? तं बोट ठेवून दाखवे, सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. मोठ्यातून लहान काढायचं, तिले एवढं ठाऊक. वर कोण, खाली कोण, त्याच्याशी तिले घेणं नाई. हातचा, हातचा म्हणून मी घसा कोरडा केला. मंग एक दिवस म्हतलं, जाऊ दे फळा. तुरीच्या वाळल्या काड्या आणल्या वावरातून, सारख्या तोडल्या, दहा-दहाचे गठ्ठे बांधले रबरानं. पाच गठ्ठे आन दोन सुट्ट्या काड्या — हे बावन्न. दे बरं मले सत्तावीस. तिनं दोन गठ्ठे देले. दोन सुट्ट्या देल्या. आन थांबली. अजून पाच पायजेत. बाकीचे पाच पोट्टे वरडून राहिले, सोड न गठ्ठा, सोड न! मी त्यायले चूप बसवलं. ती किती वेळ नुसती पाहे त्या गठ्ठ्याकडं. आन मंग मॅडम — मंग तिनं रबर काढलं. काड्या सतरंजीवर पसरल्या. माझ्याकडं पाह्यलं, भेऊन, का बाई मारते आता, बांधलेला गठ्ठा मोडला म्हणून. म्हणे, "बाई, याच्यात दहा होते." मी म्हतलं, होते व माय, पहिलेपासून होते! त्या दिवशी घरी गेली तं मी स्वयंपाक करता करता रडली. हसू नका. डिसेंबर होता तवा. आन तवापासून तिचं पंचवीस आलं. पस्तीस नाई, पंचवीस.

हे लिवा तुमी. हे खरं हाये. हे सगळं खरं हाये.

काय? — हो, त्याच्यानंतर भागाकार. त्याचंच तं सांगून राहिली. शेवटची चाचणी फेब्रुवारीत. कुंदन सर आठ दिवस आधी आले, इथीच बसले, जिथी तुमी बसल्या. म्हणे, दीपमालाताई, तुमच्या गटात पाच जण भागाकारावर पोहोचले. सहावी पोहोचली की गट 'पूर्ण'. पूर्ण गटाची ताई म्हणून तुमचं नाव मी वरती पाठवतो, पुढच्या वर्सी तुमाले दहा गावांची देखरेख भेटन. मी सांगतलं त्यायले, सर, अपेक्षाले दोन महिने अजून लागतीन. काड्यांवर तिले येते, कागदावर नाई येत. ते म्हणे, चाचणीत काड्या नाई चालत ताई. ते वाईट माणूस नाई हो, तसं नका समजू. ते म्हणे, बघा काय होते ते. एवढंच म्हणे. 'बघा.' आता त्याचा अर्थ मी काय घ्यायचा?

शहाण्णव भागिले चार. हेच उदाहरण आलं तिले. सर तिकडं दाराशी दुसऱ्या पोराची चाचणी घेऊन राहिले होते, आमच्याकडं पाठ करून. आन इकडं मी आन ती. नवाले चार जणांत वाटलं तिनं, बोटावर, ओठ हलवत — दोन-दोन. वर दोन लिवला. बरोबर! मंग थांबली. म्हणे, "बाई, एक गठ्ठा उरला. याचं काय करू?" पाहा मॅडम, एक उरला नाई म्हणे ती, एक गठ्ठा उरला म्हणे! तिथपर्यंत आली होती पोरगी. कागदावर काड्या पाहून राहिली होती. एक रबर काढायचं राहिलं होतं फक्त. मी जर तवा दहा मिनिटं थांबली असती — दहा नाई, जास्तच लागले असते, आन सर उठले होते तिकडून, चपला घालून राहिले होते. मी तिच्या हातातली पेन्सिल घेतली. दोनाच्या बाजूले चार लिवला. असा. तिच्याच अक्षरासारखा, वाकडा. आन खाली बरोबरची खूण केली.

ती पाहून राहिली होती. म्हणे, "बाई, तो उरलेला कुठी गेला?" मी म्हतलं, झालं, झालं, जा आता बाहेर, खेळ.

— लिवून नका राहू. थांबवा पेन. हे तुमाले सांगाचं नव्हतं मले. तोंडातून निघून गेलं. कोणालेच नाई सांगतलं मी, घरी नवऱ्यालेही नाई. पण आता निघालंच तं ऐका पुरं, अर्धं ऐकून गेल्या तं तुमी मले फक्त लबाड म्हणान.

सहापैकी सहा आले. बॅनर लागला चौकात. सभापती आले, नारळ फुटला, सहाही पोरायले प्रमाणपत्र देलं रंगीत, आन अपेक्षाच्या कागदावर 'भागाकारापर्यंत प्रावीण्य'. श्यामभाऊनं ते तेल्हाऱ्याले नेऊन प्लास्टिक चढवून आणलं. आन महिन्याभरात तुमच्या संस्थेचं पत्र आलं, का हे गाव प्रगत झालं, इथी आता गटाची गरज नाई. फळा नेला, चटया नेल्या, मलेही घरी बसवलं. देखरेख कुठली न काय कुठली! मी मनात म्हतलं, बरं झालं, तुले हेच पायजे होतं दीपमाला. पण माझं जाऊ द्या. जूनमध्ये नवीन चार पोरं आले होते मागं पडलेले, तेही तसेच राहिले.

अपेक्षाची मावशी हाये रागिणी म्हणून, अकोल्याले, जुन्या शहरात. तिनं ते प्रमाणपत्र पाह्यलं. म्हणे, पोरगी हुशार हाये, भट्टीवर कायले नेता तिले, माझ्याकडं ठेवा, तिकडच्या शाळेत पाचवीत टाकते. श्यामभाऊ माझ्याकडं आले विचारायले. माझ्याकडं, मॅडम! म्हणे, "ताई, पाठवू का? झेपन का तिले?" आन मी काय म्हणायले पायजे होतं? मी म्हतलं, पाठवा भाऊ. मले वाटलं, मोठी शाळा हाये, तिथी कोणी न कोणी शिकवनच. मी माझ्या मनाची अशी समजूत घातली. मुद्दाम नाई घातली हो, आपोआप पडते ती.

दिवाळीत आली ती, आन परत गेलीच नाई. का नाई गेली ते कोणालेच सांगे ना. मले कळलं नोव्हेंबरात. कापूस येचून राहिली होती मायसंग, वावराच्या धुऱ्यावर, बांधापाशी भेटली. मी म्हतलं, काहून व, शाळा? मी तिथीच मातीत बोटानं लिवलं, चौऱ्याऐंशी भागिले तीन, म्हतलं, कर बरं. तिनं दोन लिवला. बरोबर. आन त्याच्या बाजूले लगेच चार लिवला. मी म्हतलं, दोन गठ्ठे उरले न, ते सोडले का तू? दुसरं देलं, पंच्याहत्तर भागिले पाच. एक लिवला, आन बाजूले चार. मी म्हतलं, अवं हा चार कुठून आणून राहिली तू? तं ती म्हणे — अगदी साधेपणानं म्हणे, मले बोल लावायचा म्हणून नाई — म्हणे, "तुमीच लिवला होता न बाई. उरला की चार लिवायचा."

समजलं का मॅडम तुमाले? माझा तो चार तिनं नियम म्हणून ठेवला. जपून ठेवला. अकोल्याच्या शाळेत फळ्यावर उभं केलं तवाही तेच लिवलं, दुसऱ्या दिवशीही तेच, परीक्षेतही तेच. तिथल्या सरांनी कागद पाह्यला, म्हणे, हे प्रमाणपत्र खोटं हाये का तू सोंग करते? आन पोरं तिले 'चार' म्हणून हाका मारत. ये चार, डबा आणला का? ये चार, सरक तिकडं. मावशीच्या पोरीनं सांगतलं हे, अपेक्षानं नाई. अपेक्षानं आपल्या बाईचं नाव नाई सांगतलं तिथी कोणाले. सोंग करते हे कबूल केलं तिनं, पण बाईनं लिवलं म्हणून नाई सांगतलं.

मी काड्या घेऊन गेली तिच्या घरी. हो, गेली न. दोन दिवस गेली. गठ्ठे ठेवले समोर. तिनं हातच नाई लावला. म्हणे, "मले नाई येत बाई. सगळ्यायले येते, मलेच नाई येत." मी म्हतलं, बावन्नातून सत्तावीस तरी? ते तं येत होतं तुले! तिनं लिवलं. पस्तीस. — पाणी द्या थोडं. त्या तांब्यात हाये.

तिसऱ्या दिवशी मी ठरवून गेली, का श्यामभाऊले सगळं सांगते. ओसरीत बसले होते ते. मी सुरुवात केली, भाऊ, ते प्रमाणपत्र हाये न... तं ते उठले, आत गेले, भिंतीवरून काढून घेऊन आले. फडक्यानं पुसलं. म्हणे, "कागद तं चुकीचा नसन ताई, सरकारी लोकं आले होते. पोट्टीच विसरली. आमच्या रक्तातच नाई ते." असं म्हणाला बाप. पोरगी मागं चुलीपाशी होती, तिनं ऐकलं. आन मी — मी म्हतलं, हो भाऊ, लेकरं विसरतात. चहा पिली न आली घरी. ह्या वर्सी जातीन ते भट्टीवर, ती संग जाईन. आता तिचं नाव कोणत्याच हजेरीत नाई.

काय म्हणता? संस्थेले कळवता? — नाई. नाई, ऐका. कळवून काय होईन? ते पाच जण खरंच शिकले हो, त्या पाचायच्या कागदावरही शंका येईन मंग. आन कुंदन सरांचा फोन होता परवा. अचलपूरकडं नवे गट निघून राहिले म्हणे, तुमच्या पुस्तकात माझी गोष्ट आली की माझं नाव पक्कं. घरात दोघं पोरं हायेत माझे. मले काही शिकवता येत नाई असं नाई मॅडम, मले येते शिकवता, तुमी पाह्यलं असतं त्या दिवशी तं तुमीच म्हतलं असतं... जाऊ द्या. तुमच्या कागदावर छापूनच आणलं हाये न सगळं? फक्त सही पायजे न? मंग द्या इकडं. कुठी करू, इथी? आन इथीही? — वाचत नाई मी, काय करायचं वाचून. घ्या.

फोटो? नाई, तिकडं नका जाऊ. वावरात असन ती. नारळ फोडला त्या दिवशीचा असन न तुमच्याजवळ, हातात प्रमाणपत्र घेतलेला, तोच टाका. हसून राहिली हाये त्याच्यात. अजून काय विचारायचं राहिलं? — चहा राहू द्या आता. साडेचारची तेल्हारा गाडी चौकात लागली असन, ती गेली तं मंग सहाले हाये. निघा तुमी. माझ्याकडं पाहत नका बसू, मॅडम. निघा.