चुकणाऱ्याला फोन

(कुवेत. जाब्रियातला एक फ्लॅट आणि वफ्र्यातलं एक शेत. मध्ये फोन. दिवेलागणीची वेळ.)

फखरुन्निसा : …नायजर कसं येईल, लवू? नायजरचा स्वातंत्र्यदिन परवा, तीन तारखेला. आज एक ऑगस्ट, आज बेनिन. साल साठ. क्विझच्या सगळ्या ग्रुपनं बेनिन लिहिलं, तू एकट्यानं नायजर.

लवू : चुकलो, भाभी. शेजारी-शेजारी देश ते, गोंधळ झाला.

फखरुन्निसा : गोंधळ झाला. बरं. वाऱ्याचा आवाज येतोय, कुठं आहेस?

लवू : नेहमीच्याच जागी, पाण्याच्या टाकीच्या शिडीवर. शेतात दुसरीकडे रेंज कुठे? खाली बसलं की फोन कट.

फखरुन्निसा : ऊन उतरलं का?

लवू : ऊन उतरलं, शिडी नाय उतरली. अजून चटके देते, रुमाल गुंडाळून धरलीय. तुम्ही सांगा ना पुढचं. बेनिनचं आधी दुसरंच नाव होतं म्हणतात.

फखरुन्निसा : कोण म्हणतं?

लवू : वाचल्यासारखं वाटतं कुठेतरी.

फखरुन्निसा : दाहोमे. आणि वाचलं नाहीस, साबीरनं सांगितलं तुला. गेल्या महिन्यात तूच म्हणालास ना, काकडीचा हंगाम संपला, बाकीचे सुट्टीवर गेले, आता पंखे-पाइप बघायला मी आणि राखणीला बेनिनचा साबीर, दोघंच उरलो.

लवू : साबीर कसला बोलतोय देशाबद्दल? तो आपला कुत्र्याशी बोलतो, नायतर मोटारीशी.

फखरुन्निसा : तुझं स्टेटस उघडू? दुपारी टाकलंस ते? रिकामं पॉलिहाउस, मागं हिरवा-पिवळा-लाल झेंडा, पुढं साबीर, आणि ताट धरून तू. दात किती काढलेस ते पण दिसतंय.

लवू : …स्टेटस तुम्ही बघता होय.

फखरुन्निसा : मी सगळ्यांचंच बघते, मला उद्योग काय आहे? खेडच्या शाळेत शिकवत होते तेव्हा कॉपी करून बरोबर लिहिणारी मुलं पुष्कळ बघितली. कॉपी करून चूक लिहिणारा तू पहिलाच.

लवू : तसं नाय, भाभी.

फखरुन्निसा : कसं मग? चार पर्याय असतात. डोळे मिटून बोट ठेवलं तरी माणूस अधूनमधून बरोबर येतो. आमचे अब्बाससुद्धा येतात. तू ग्रुपमध्ये आलास तेव्हापासून एकदा नाही. इतकं नेमानं चुकायचं तर बरोबर उत्तर आधी शोधून ठेवावं लागतं. बोल की. शिडीवरून पडलास का?

लवू : धरून आहे.

फखरुन्निसा : क्विझ मी लेकीसाठी, हिबासाठी सुरू केली होती. मराठीत विचारलं की पोरगी इंग्लिशमध्ये उत्तर द्यायची, पण द्यायची. टोरोंटोला गेली आणि ग्रुपमधूनही गेली. उरले शैलेश, मुबीन आणि मंडळी. माझा नियम त्यांना पाठ आहे, बरोबर आला त्याला अंगठा, चुकला त्याला माझा फोन. फोन टळावा म्हणून सगळे गूगल बघून बरोबर येतात. समजत नाही का मला? एकच विद्यार्थी खरा वाटत होता, तोही नाटकी निघाला. बंद करते आज ग्रुप.

लवू : बंद नका करू, भाभी.

फखरुन्निसा : का? कुणासाठी चालवू?

लवू : तो नियम आहे ना तुमचा. चुकला त्याला फोन. मला तेवढंच पायजे होतं.

फखरुन्निसा : फोनच हवा होता तर करायचा फोन.

लवू : काय सांगून करू? शेतावर एकटा राहणारा पुरुष, दुसऱ्याच्या घरात रोज तिन्हीसांजेला फोन लावतो, आणि म्हणतो, सहज केला. अब्बासभाई काय म्हणतील?

अब्बास : अब्बासभाई ऐकतोय. पहिल्या दिवसापासून स्पीकरवर आहेस, लवू.

लवू : …सलाम, अब्बासभाई.

अब्बास : वालेकुम सलाम. चालू दे तुमचं.

फखरुन्निसा : घरी लाव ना फोन. तेजस्वीला.

लवू : रोज लावतो. ती विचारते, जेवलात? मी म्हणतो, जेवलो. ऊन आहे? आहे. मग ती गप्प, मी गप्प. ती ठेवत नाय, मी ठेवत नाय, शेवटी रेंजच जाते. तिची काय चूक? सांगायला काय तरी घडायला लागतं. इथे आता काकडीपण लागत नाय. पंखे पुसतो, पाइप बघतो, परत पंखे पुसतो. त्या दिवशी तुम्ही सांगितलं ना, कुवेतवाल्यांनी आपला राष्ट्रीय दिवस जूनच्या उन्हातून उचलून फेब्रुवारीत नेला म्हणून? ते तिला सांगितलं. ती म्हणाली, आपल्या गावची जत्रा पण अशी हलवता आली असती तर! कितीतरी वेळ हसत होती. लग्न झालं तेव्हा तशी हसायची.

फखरुन्निसा : हं.

अब्बास : आता मी एक बोलू? हिबा गेल्यापासून ही सकाळभर प्रश्न शोधते. संध्याकाळी सगळे बरोबर आले की घरात भांडी आपटतात. तुझं चुकलेलं उत्तर आलं की मला चहा मिळतो.

फखरुन्निसा : काहीतरीच.

अब्बास : आणि माझ्या दुकानातला एक वॉशर हरवला तरी हिला कळतं. तू मुद्दाम चुकतोस हे हिला आजच कळलं होय?

लवू : भाभी? आधीपासून ठाऊक होतं?

फखरुन्निसा : होतं.

लवू : मग आजच कशाला पकडलंत?

फखरुन्निसा : आजचा प्रश्न तुझ्यासाठी काढला होता म्हणून. म्हटलं, साबीरच्या देशाचा दिवस आहे, निदान आज तरी हा खरं लिहील. एक दिवस फोन राहिला तर राहिला. तर तू त्याच्या हातचं जेवलास आणि नायजर लिहिलंस. काय केलं होतं त्यानं जेवायला?

लवू : भात. टोमॅटोचा, झणझणीत. आधी झेंडा बांधला पंख्याच्या जाळीला. वारा नाय, झेंडा पडलेलाच. मग मला म्हणाला, पंखा लाव. लावला. फडकला जरा. मग म्हणाला, आता उभा राहा, गाणं म्हणतो देशाचं. अर्धं झालं आणि पुढचं त्याला आठवेना. मी आपला उभा. तोपण उभा. आधी कोणी हलायचं ते कळेना. दोघंच होतो ना.

फखरुन्निसा : मग?

लवू : मग मी टाळ्या वाजवल्या. आणि जेवायला बसलो नि तुमचा प्रश्न आला. त्याच्यासमोर बसून नायजर लिहिलं, भाभी. त्याला मराठी वाचता येत नाय म्हणून निभावलं. तो मला आणखी भात वाढत होता.

फखरुन्निसा : ग्रुप उघड. बेनिन लिही.

लवू : आता?

फखरुन्निसा : आता. मी धरते फोन.

लवू : थांबा, शिडीला कोपर अडकवतो. …लिहिलं.

अब्बास : आलं. अंगठा पाठवला बरं का हिनं.

लवू : बघितला. पहिलाच. …मग ठेवू का, भाभी? नियम आहे.

फखरुन्निसा : नायजरचं सांगायचं राहिलंय. त्या देशाला समुद्र नाही, लवू. कुठूनच नाही. आपण कोकणातले, तुला-मला सहज कळायचं नाही ते. लांबलचक आहे, नीट बसून ऐक. बसलास?

लवू : बसलो, भाभी. शिडीच्याच पायरीवर, रुमाल टाकून.