उतार कोनीकडं?

शेलूबाजारच्या मोटारस्टँडवर गोमतीबाई मोटारीची वाट पाहत बसली होती. बाजूलाच सुटी संपवून पलटणीत परत निघालेला शिपाई आणि त्याच्या पलटणीतल्या दोस्ताची, जगदेवची, माय तुळसाबाई बोलत होते. गोमतीबाईनं सारा जीव कानात गोळा केला.

“मावशी, सायेब बर्फावर घसराले चालला. जगदेवले संगं नेते. गुलमर्गले जावाचं का कुफरीले, थे त्यालेच इचारलं. तो म्हने, मायले इचारून ये.”

“घसराले? काहून?”

“मौज असते. पायाले लांब फळ्या बांधाच्या अन् पहाडावरून सर्रकन खाली याचं.”

“अन् पडला म्हंजे?”

“बर्फ कापसावानी मऊ असते, मावशी.”

“मंग पडू दे. जवळ कोनतं हाय?”

“दोनी दूरच. कुफरी जराशी अलीकडं.”

“दोन सालं झाले त्याले पाहून... बापू, घसरत घसरत मानूस येते कोनीकडं?”

“जिकडं उतार असन तिकडं.”

“मंग आपल्या किन्हीराजा गावाकडं कोनत्या पहाडाचा उतार हाय?”

“...कुफरीचा असन, मावशी.”

“तर कुफरीच सांगजो. अन् म्हनाव, मधात कुठी थांबू नोको.”