फॉर्मवरचा एक प्रश्न

तिथं ‘नाही’ लिही म्हटलं ना, पोरी — रक्ताचा आजार आहे का, असंच विचारलंय ना त्या इंग्रजीत? — मग नाही. माझी शाळा चौथीपुरती, तुला इंग्रजी येतं, म्हणून जवळ बसवलं तुला. सल्ला नव्हता मागितला. तो पंख्याखाली रुमाल धरून बसलाय ना, दातापायी गाल सुजून डोळ्याला टेकलाय, तो माझा संजू. नरोलीला दोऱ्याच्या कंपनीत आहे. आठ दिवस नुसती पेज पितोय. रक्त यायला लागलं की थांबत नाही त्याचं, जन्मापासून — दुसऱ्याला लागत नाही तो आजार, पण हे सांगायचं कुणाला? तीन दवाखान्यांत खरं सांगून बघितलं. एकानं चिमटा ताटलीत टाकला, हात धुतले, म्हणे सुरतेला न्या. दुसरीनं हा उठला तशी खुर्ची पुसून घेतली, दोनदा, त्याच्यादेखत — दिवसभर लोकांच्या तोंडात हात घालते ती बाई, आणि माझ्या पोराची किळस येते तिला. थुंकावंसं वाटलं मला तिथंच. तिसरा म्हणाला, आधी मोठ्या दवाखान्यात रक्त गोठायचं इंजेक्शन घ्या, चिठ्ठी देतो, मग मीच काढतो दात. — हो, बरोबरच बोलला, कळतं मला. पण तोंड वाकडं करून बोलला. मीच उठून आले.

म्हणून आज ‘नाही’. एकदाचा दात निघू दे, मग बघू — काय बघू म्हणजे? कापूस दाबून धरीन. नथूला धरलाच होता की, माझ्या भावाला. अकरा वर्षांचा. आठवडी बाजारात दात काढणारा बसायचा, त्यानं विचारलं होतं, पोराला काही आहे का? आई म्हणाली, काही नाही. आमचा मामा तसाच रक्त जाऊन गेलेला, तिला ठाऊक होतं. पण चार लोक ऐकत होते, आणि दुसऱ्या दिवशी मला बघायला पाहुणे यायचे होते — असल्या घरातली पोरगी कोण करणार? मी शेजारीच उभी होते. मलाही ठाऊक होतं. तीन दिवस कापूस बदलला मी त्याचा, चौथ्या दिवशी बदलावा लागला नाही. लग्न मात्र झालं माझं, त्याच साली, आणि हा संजू —

अशी बघू नकोस माझ्याकडे. लिहिलंस का? — अजून कोरंच आहे ना? बरं झालं. दे तो कागद. संजू, ऊठ, त्या तिसऱ्याकडे जायचंय, चिठ्ठी घ्यायला. तोंड वाकडं तर वाकडं, त्याच्या तोंडाशी काय करायचंय मला. — तू कुठं उठतेस गं? बस. तुझा नंबर येईल.