बाबांची गाडी एव्हरेज का देत नव्हती

आमचं मूळ तसं महूचं, इंदूरजवळच्या फौजी छावणीचं. म्हणजे मूळ तर तिकडे खानदेशात कुठंतरी, पण आजोबा पलटणीत भरती झाले आन् महूला आले ते महूचेच झाले, बाबाही फौजेतच गेले, ड्रायव्हर होते ते, मोठमोठ्या गाड्या चालवल्या त्यांनी, बर्फात, वाळूत, सगळीकडे. मी सुजाता. लग्न नाही केलं, त्याची कथा अलग आहे, ती नका लिहू. रिटायर झाल्यावर बाबांनी फौजेच्या नीलामीत एक जुनी गाडी घेतली आन् आम्ही जुन्या इंदूरला राहायला आलो, कारण भाड्याचं काम इंदूरला जास्त. जमिनीची मोजणी करणारे, जंगलवाले, पुलाचे इंजिनियर, असे लोक बाबांना घेऊन धार-झाबुआकडे जायचे, जिथं रस्ता नाही तिथं. पंधरा पंधरा दिवस घरी नाही यायचे.

आता गाडीचं सांगते, नाहीतर पुढचं तुम्हाला समजणार नाही. साधी गाडी दोन चाकांनी चालते, बाकीची दोन नुसती सोबत लुढकतात. ही फोर-व्हील. गिअरच्या बाजूला अजून एक दांडा असतो, तो ओढला की चारही चाकांना ताकद जाते, मग चिखल असो नाला असो, निघते म्हणजे निघतेच. पेट्रोलवर आहे. आन् पेट्रोल म्हणजे काय सांगू तुम्हाला, पिते. सगळी गल्ली हसायची, सुजाता, तुझी गाडी पंपाचा बोर्ड पाहूनच प्यासी होते.

बाबा गेले तेव्हा माझा भाऊ मिलिंद पुण्याहून आला, तो तिथंच नोकरीला आहे, तो बोलला भंगारात देऊन टाकू, तू इंदूरच्या शाळेत मास्तरीण, तुला स्कूटर बस झाली. मी बोलली राहू दे. तेव्हा काही कारण नव्हतं माझ्याकडे, बाबांची होती म्हणून राहू दे, बस. मग माझी बदली झाली. कुठं, तर महूच्याही पुढे, घाट उतरून, मेन रोड सोडून आत, टेकडीवरच्या फलियात. फलिया म्हणजे आदिवासी वस्ती, दूर दूर घरं असतात. बस मेन रोडलाच सोडते, पुढे कच्चा रस्ता आन् मधे नाला. स्कूटरनं केलं मी काही दिवस, बरसातीत दोनदा पडली, दुसऱ्यांदा तर नाल्यात बसून रडली, खोटं कशाला बोलू. मग बाबांची गाडी काढली. चालवणं बाबांनीच शिकवलेलं होतं, इंदूरबाहेर डकाच्या म्हणून गाव आहे, तिथल्या मैदानात, शिव्या देऊन देऊन.

तर गाडी मस्त जायची. नाल्यात तर हत्तीसारखी. पण पगार हातात यायच्या आधी पेट्रोलमध्ये जायचा, आन् महूच्या पुढे जाताना काट्याकडे बघून बघून माझी मान दुखायची.

तुम्ही म्हणाल मग तिथंच खोली घेऊन राहायचं, बाकीचे मास्तर राहतातच. हेडमास्तर पण हेच बोलले. पण घरी आई. बाबा गेल्यापासून आई विसरायला लागली. सकाळी ठीक असते, पोहे कसे झाले ते सांगते, मीठ कमी म्हणते, शेजारच्या मालवी भाभी दिवसभर येऊन-जाऊन असतात त्यांच्याशी गप्पा मारते. पण ऊन उतरलं की हिचं सुरू. फाटकाशी जाऊन उभी राहायची. काय ग आई, तर म्हणे ते यायचेत. बाबा. बसायची नाही, चहा घ्यायची नाही, फाटकाची सळई धरून उभी. मी आली की माझं ऐकायची, आत यायची, पण मी उशीर केला की फाटक उघडून गल्लीत निघायची बघायला. एकदा तर पुलापर्यंत गेली होती. भाभी बिचाऱ्या म्हाताऱ्या, त्यांच्यानं आवरत नाही. म्हणजे अंधार पडायच्या आत मला घरी पोचणं जरुरी, आन् ते फक्त ह्या गाडीनंच होत होतं.

मिलिंदचा फोन आला की तेच. ताई, हिशोब बसत नाही तर गाडी विक, तू तिकडे खोली घे, आईला मी पुण्याला आणतो. मनानं चांगला आहे तो, गैर नाही बोलत. पण त्याचं घर सहाव्या मजल्यावर. मला रात्रंदिवस एकच दिसायचं, ऊन उतरलंय आन् आई त्या लिफ्टच्या दारासमोर उभी आहे. मी बोलली मला दिवाळीपर्यंत टाइम दे, मी एव्हरेज सुधारून दाखवते. तो हसला. बोलला, एवढ्या जुन्या फोर-व्हीलचं एव्हरेज सुधारत नाही ताई, आपल्या खानदानात कोणाचं वळण सुधारलंय का.

मग मी काय काय केलं, हसाल तुम्ही. इंदूरातच पलासिया भागातल्या एका दुकानातून बाटली आणली, टाकीत ओतली की एव्हरेज वाढतं म्हणे. वास मात्र छान यायचा. शाळेतल्या एका सरांनी सांगितलं पेट्रोलच्या नळीला लोहचुंबक बांधा, तेही बांधलं, त्याला फक्त खिळे चिकटले. मग त्याच सरांनी सांगितलं घाट उतरताना न्यूट्रल करा, फुकटात खाली येते. अक्कल गहाण ठेवली होती मी, केलं. अर्ध्या घाटात ब्रेक एवढे गरम झाले की जळका वास यायला लागला, पाय दाबते तर गाडी थांबेना, बाजूच्या मातीच्या ढिगाऱ्यात घातली तेव्हा कुठं थांबली. आई आठवली. फाटकाशी उभी.

दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन पप्पू भियाकडे गेली. भिया म्हणजे आमच्या नदीकडच्या गल्लीतला मेकॅनिक, बाबांचा दोस्त, वय झालंय आता, गाडीखाली स्वतः नाही जात, स्टुलावर बसून बोलतो. मी सगळं सांगितलं, चुंबकासकट. खूप वेळ हसला. मग उठला, पुढच्या चाकापाशी वाकला आन् म्हणे, दीदी, ये तो लॉक पड़ा है.

झालं असं होतं. ह्या गाडीच्या पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध एकेक गोल खटका असतो, हातानं फिरवायचा. एकीकडे फिरवला की पुढचं चाक मोकळं, दुसरीकडे फिरवला की जुडलेलं. चिखलात जायच्या आधी जोडायचं, पक्क्या रस्त्यावर मोकळं करायचं. जुडलेलं ठेवलं तर दांडा ओढलेला नसला तरी खालचं सगळं लोखंड उगीच फिरत राहतं, आन् त्याला फिरवायला पेट्रोल लागतं. मला हे माहीत नव्हतं का? माहीत होतं. पण बाबांचा हुकूम होता, खटक्याला हात लावायचा नाही, कायम जोडलेलाच पाहिजे. फौजी माणूस. म्हणायचे, वेळ आली की खाली उतरून चाकं जोडत बसायचं का, गाडी नेहमी तयार पाहिजे. आन् आम्ही फौजी घरातले, हुकूम देणारा गेला म्हणून हुकूम थोडीच जातो. मी दर रविवारी ते खटके कपड्यानं पुसायची, चमकवायची. फिरवले कधीच नाही. भिया बोलला, तेरे पापा को तो सरकार पेट्रोल देती थी दीदी, आदत वहीं की थी.

मग त्यानं टायर दाबून पाहिले. हवा कमी. तेही बाबांचंच, कच्च्या रस्त्याला नरम टायर बरं. पण माझा रस्ता तर जास्त करून पक्का. पुढचे टायर एका साइजचे, मागचे दुसऱ्या, ते मात्र माझं काम, घासले तसे दोन-दोन बदलत गेली. आन् मग त्यानं मागचं दार उघडलं आन् डोक्याला हात लावला.

मागे बाबांचं सामान होतं सगळं. एक नाही दोन स्टेपनी. पाण्याचा कॅन, वाळूचा कॅन, फावडं, कुदळ, ओढायची लोखंडी साखळी, चाकाखाली लावायचे लाकडी ठोकळे, ताडपत्री, बिस्तरबंद, स्टोव्ह. वर टपावर लोखंडी कॅरियर. एक माणूस नाही, आख्खी चौकी घेऊन मी रोज घाट चढत होती. भिया बोलला, उतार दे सब, एक स्टेपनी बहुत है, फावडं ठेव, साखळी ठेव.

खटके त्यानं तिथंच मोकळे केले. मी तोंड फिरवून उभी राहिली, खरं सांगते, बाबा ओरडतील असं वाटलं. पण सामान म्हटल्यावर मी अडली. मी बोलली भिया, आईनं पाहिलं तर? तिला काय वाटेल? सामान गाडीत भरलेलं आहे म्हणजे बाबा आहेत, कुठंतरी निघायचेत नाहीतर यायचेत, असं असेल तिच्या डोक्यात. मी ते काढलं आन् तिला एकदम समजलं की ते नाहीत, तर? रोज थोडं थोडं विसरणारा माणूस, त्याला ही एकच गोष्ट कशाला आठवून द्यायची. भिया म्हणे, तर मग आईला पुण्याला पाठव. तेवढंच बोलला.

रविवारी दुपारी आई झोपली तेव्हा मी आन् भियाचे दोन कारागीर, असे आम्ही आवाज न करता सामान उतरवलं. अंगणात ताडपत्री पसरली, त्याच्यावर एकेक ठेवत गेलो. कॅरियर काढताना एक नट सुटेना, हातोडी मारावी लागली, आन् आई उठली. पायरीवर येऊन उभी. माझ्या हातात बिस्तरबंद. मला वाटलं आता संपलं.

आईनं सगळं पाहिलं. फावडं, कॅन, स्टोव्ह, सगळं. मग बोलली, आले का.

मग म्हणे, किती धूळ ग ही, स्टोव्ह इकडे दे, घासून ठेवते. आन् पदर खोचून नळापाशी बसली. तेव्हा मला आठवलं. बाबा पंधरा दिवसांनी घरी आले की पहिलं काम हेच, सगळं सामान अंगणात काढायचं, धुवायचं, वाळत घालायचं, आन् मग आत जाऊन दोन दिवस झोपायचं. सामान गाडीत असलं म्हणजे बाबा बाहेर. सामान अंगणात म्हणजे बाबा घरी. एवढी वर्षं ती फाटकाशी उभी राहून राहिली होती कारण मीच सामान उतरवलं नव्हतं.

त्या दिवशी ऊन उतरलं आन् मी फाटकाकडे बघून राहिली होती. आई आली नाही. आत चहा करत होती. एवढ्या दिवसांनी तिनं गॅस लावला, अद्रक ठेचल्याचा आवाज आला, मी अंगणात ताडपत्रीवर बसून रडली, पण ते रडणं नाल्यातल्यासारखं नव्हतं.

मिलिंदला सांगितलं तर चिडला, तू आईला खोटं सांगते. मी बोलली, मी एक शब्द नाही सांगितला रे, मी तर एव्हरेज सुधारत होती.

आन् सुधारलं. एकदम जादू नाही झाली, जुनी गाडी आहे शेवटी, पण जिथं हफ्त्यातून दोनदा पंपावर जावं लागायचं तिथं आता एकदा जाते. चारही टायर एका साइजचे केले, हवा दर सोमवारी बघते, घाटात पाय हलका ठेवते, उतरताना गिअरमध्येच उतरते. नाला आला की खाली उतरते, गुडघ्यावर बसून दोन्ही खटके जोडते, पलीकडे गेली की परत मोकळे करते. साडीला चिखल लागतो. लागू दे. दिवाळीला मिलिंद आला, माझ्यासोबत शाळेपर्यंत येऊन पाहून गेला, पुण्याची गोष्ट मग त्यानं नाही काढली. जाताना मला बोलला, ताई, टायर माझ्याकडून घे. भला मुलगा आहे.

मला काही तक्रार नाही आता. बाबांचे उपकार की गाडी ठेवून गेले आन् चालवायला शिकवून गेले. भियाचे उपकार, त्यानं माझ्याकडून मजुरी नाही घेतली, शेवेचा पुडा घेतला फक्त. भाभींचे उपकार. आन् आई तर आहेच, संध्याकाळी घरी गेली की गरम चहा मिळतो मला, अजून काय पाहिजे माणसाला. फक्त एक आहे, गाडीचा आवाज नाही चालत तिला. ओठांवर बोट ठेवते, हळू, ते झोपलेत. म्हणून मी गल्लीच्या तोंडाशीच इंजिन बंद करते, पुढे आपला उतार आहे, हळूहळू दारापर्यंत येते आपोआप. तेवढंच पेट्रोल वाचतं.

तुम्ही एवढ्या लांबून आले, माझं एवढं ऐकलं, सुखी राहा, तुमच्याही घरी सगळे वेळेवर पोचोत. आन् जाताना फाटक तेवढं हळू लावा.