ह्यांची झाडं आणि माझं धुण्याचं पाणी

माझा जन्म नागरवाड्यातला, वडील कचेरीत कारकून, घरात मराठी आणि दार ओलांडलं की गुजराती, त्यामुळे माझी बोली ही अशी खिचडी, तुम्ही लिहिताना सुधारून घ्या, नाहीतर राहू दे, आहे तशीच राहू दे. लग्न होऊन त्याच शहरात, वाडी भागात आले. हे कारखान्यात फिटर, मी घरी बायकांचे ब्लाउज शिवायची. पुढे शहराच्या कडेला, हरणीला, सोसायटीत टेनामेंट म्हणजे बैठं घर घेतलं, पुढेमागे थोडी मोकळी जमीन, म्हटलं चला, आता सुख. आणि तिथेच माझी सवत उगवली. हसू नका, उगवली म्हणजे खरंच मातीतून उगवली.

झालं काय, नव्वदीनंतर सगळीकडेच बदल सुरू झाले, ह्यांच्या कारखान्यात नवी मशिनं आली आणि जुनी माणसं नकोशी झाली. ह्यांना व्हीआरएस घ्यायला लावली. काय सांगू तुम्हाला, बोलका माणूस एकदम गप्प झाला. तोच पेपर सकाळी वाचायचा, तोच दुपारी. मग एक दिवस चिकूचं रोप घेऊन आले, मग जुई आणली, मग अळू, कर्दळ. पण सोसायटीचं पाणी येणार सकाळी जेमतेम तासभर, उन्हाळ्यात तेही धड नाही, मग झाडांना घालायचं काय? तर ह्यांनी घरातला थेंब न् थेंब धरायला सुरुवात केली. न्हाणीचं पाणी नाली काढून अळूत आणि कर्दळीत सोडलं. तांदूळ धुतलेलं जुईला. चिकूच्या मुळाशी मडकं पुरलं, त्याला बारीक भोक पाडून सुतळीची वात घातली, पाणी हळूहळू झिरपत राहतं म्हणे. हे सगळं चांगलंच होतं हो, मी कुठे नाही म्हणते. पण मी आंघोळीला दुसरी बादली मागितली की म्हणायचे, एकीत होतं की! आणि चिकूचं मडकं मात्र काठोकाठ. सकाळी उठले की माझ्याकडे बघणार नाहीत, आधी जुईपाशी, काय ग, काल ऊन फार लागलं का? मशीन चालवून माझी पाठ धरायची, मला नाही कधी कुणी असं विचारलं.

त्यात शेजारच्या ज्योत्स्नाबेन. त्यांची बाग वाळलेली, आमची हिरवीगार. रोज ओट्यावर येऊन म्हणायच्या, भाई, तमारा हाथमां तो जादू छे! आणि हे, जे माझ्याशी दिवसभरात मीठ दे, लाइट बंद कर एवढंच बोलणार, ते त्यांना अर्धा अर्धा तास समजावणार, बेन, बुंध्याशी सुका पाला पसरा, ओल टिकते, पाणी उन्हात घालू नका, पानांवर नको, मुळाशी घाला. त्यांच्या न्हाणीतून बागेपर्यंतचा पाइपसुद्धा हेच टाकून आले. इकडे माझ्या मशीनचा पट्टा तुटलेला, घरात फिटर नवरा, आणि मी तो दोऱ्याने बांधून चालवतेय. जळणार नाही तर काय!

एका उन्हाळ्यात पाण्याची फारच ओढाताण झाली, टँकर येईल येईल म्हणून सगळे दारात. मी मागे धुणं धूत होते. कपडे खळबळून झाले की शेवटचं पाणी बऱ्यापैकी साफ असतं, त्याच्यासाठी हे बादली घेऊन माझ्या डोक्यावर उभे. कुंपणापलीकडे ज्योत्स्नाबेन. म्हणाले, दे लवकर, जुई कोमेजलीय. मी उठले, टब उचलला, फाटकापाशी गेले आणि सगळं पाणी रस्त्यावर ओतून दिलं.

ह्यांचा चेहरा पांढरा. म्हणाले, पाणी फेकलंस? मी म्हटलं, हो फेकलं, माझं धुणं, माझं पाणी. जुई कोमेजलेली दिसते, मी दिसत नाही? ज्योत्स्नाबेन घाईघाईने घरात.

हे पायरीवर बसले. मग म्हणाले, तू कधी कोमेजतेस? सकाळपासून तुझ्याकडे बायका, ताई गळा असा, ताई बाही तशी. मी दारात असलो तर म्हणतात, भाई, जरा बाजूला व्हा. तुझं मशीन सुरू झालं की मला घरात बसवत नाही, म्हणून बाहेर येतो. ह्या झाडांना तरी मी लागतो.

आता बघा! मी समजत होते, ह्या घरात जळणारी मी एकटीच. राग होताच, वर रडूही आलं. म्हटलं, मग सांगायचं ना. तर म्हणाले, बायकोच्या मशीनवर जळतो, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

संध्याकाळी नवा पट्टा आणून स्वतः बसवला, तेल घातलं. मीही दुसऱ्या दिवसापासून धुण्याचं पाणी बागेत न्यायला लागले, पण अळूला. जुईला नाही. तिला त्यांचं त्यांनी घालावं, एवढा माझा हट्ट.

आता ज्योत्स्नाबेन मुलाकडे अमेरिकेत. चिकू एवढे लागतात की सोसायटीभर वाटते. ह्यांचे गुडघे गेले, खुर्चीत बसून सांगतात, इथे घाल, तिथे नको, सावकाश, मुरू दे जरा. म्हणजे आता जुईलासुद्धा मीच घालते, आणि फुलं आली की कौतुक मात्र तिचं. जळते का? जळतेच की. ह्या वयात स्वभाव कुठे बदलायचा.

बाकीच्या बायका सवाष्णपणी मरण मागतात. मी नाही मागत. मी म्हणते, देवा, ह्यांना आधी ने, सुखाने ने. मी मागे राहिले तर झाडांना पाणी घालीन हो. पण हे मागे राहिले, तर ती झाडं काही ह्यांना ताट वाढणार नाहीत.