फोनवर काय शिजलंय आज

…कुणालाच पटलं न्हाय ओ दादा, एकालाबी न्हाय, म्हणून तुमाला म्हणते, तुमीच वाचा. त्या टेबलावरच्या काळ्या ठिपक्यांच्या चौकोनावर फोन धरा — तसा न्हाय, जरा वर, उजेड पडतोय त्याच्यावर — हां. काय आलं? कडक भाकरी, शेंगा चटणी, झुणका, भरलं वांगं. ते रोजचंच. खाली सरकवा. ‘आज’ म्हणून काय वेगळं लिव्हलंय का? न्हाय? नीट बघा, घाई न्हाय, भाकरी तव्यावर हाय. न्हाय म्हणता. बरं. मग आज रोजचंच.

हसू नका. माझ्याकडं बटनाचा फोन, त्यात हे दिसत न्हाय, म्हणून दिवसातलं पहिलं गिऱ्हाईक आलं की मी त्याच्याकडनं वाचून घेते. खानावळ माझी, चूल माझी, आन् काय शिजवायचं ते गिऱ्हाइकाच्या फोनात बघायचं — गुरु बी असाच हसतो. गुरु म्हणजे माझा धाकटा दीर, गल्ल्यावर असतो तो, आता बाजाराला गेलाय. ‘वैनी, चौथी शिकलेल्यानं यंत्रातलं बोलू नये.’ चौथी तर चौथी, अक्षर कळतंय की मला. मी म्हणते हा मेनू कुणीतरी बदलतंय. तो म्हणतो कंपनीवाले करत्यात. कंपनीला काय ठाऊक हो सोलापुरात येळवस कधी असती ते?

तेच सांगते. गेल्या येळवशीला, अमावास्येला हो, शेतात जेवायला जात्यात तो सण, चार गिऱ्हाइकं आली आन् म्हणली, मावशी, भज्जी आन् आंबील द्या. तळलेली न्हवं, सगळ्या भाज्या-शेंगा एकत्र शिजवत्यात ती भज्जी. मी म्हणलं कुठली भज्जी, मी केलीच न्हाय. तर फोन दाखवला — ‘आज येळवशीची भज्जी’. हितं कुणी लिव्हलं न्हवतं. त्या फोनातल्या मेनूत लिव्हता येतंय कुणाला? मेनू केला माझ्या लेकीनं, अक्षतानं, तिचे वडील गेल्यावर. सगळे तसंच करायला लागलेत अव्वा, म्हणली — आईला अव्वा म्हणत्यात आमच्यात — भिंतीवरची पाटी काढ. पासवर्ड का काय तो तिच्याकडंच. आन् ती जाऊन तवा दीड वर्स झालं हुतं.

गेली म्हणजे लग्न करून गेली. हितल्याच पूर्व भागातलं पोरगं, तेलुगू, बाप मागावर काम करायचा. पोरगं वाईट हुतं असं मी म्हणत न्हाय. मी काय म्हणलं ते तितं, त्या दाराशी, जेवणाऱ्या माणसांदेखत म्हणलं, आन् माणसं मान खाली घालून भाकरी मोडत बसली. हैद्राबादला हाय म्हणत्यात, कुणी भिवंडी म्हणतं. फोन न्हाय, काय न्हाय. तिनं एकदाबी केला न्हाय.

तर त्या भज्जीनंतर मी रोज वाचून घ्यायला लागले. गड्ड्याच्या जत्रेत हुग्गी आली, गव्हाची खीर हो — आली म्हणजे फोनात आली, मी लगेच गहू भिजवले. मग एकदा ‘शेपू, लसूण जास्त घालून’. लसूण जास्त असं कंपनी लिव्हती व्हय? मी घातला. जे लिव्हून आलं ते केलं. गुरु म्हणला, नवीन स्टिकर आणतो, हे काढून टाकू. म्हणलं हात लावून बघ. आन् चैतात एक दिवस, बारा वाजले, एक वाजला, माणूस न्हाय. पन्नास भाकरीचं पीठ मळलेलं. मी आपली दारात. दीड वाजता एक म्हातारा आला, फोनबिन नसलेला, तो जेवला. त्याच्यामागनं एक पोरगी डोकावली, म्हणली, मावशी उघडं कसं, फोनवर तर ‘आज खानावळ बंद’ हाय. मी तारीख इचारली तिला. तिनं सांगितली. तवा ध्यानात आलं — संगप्पा त्या तारखेला गेले. माझा नवरा. मी इसरले हुते, दादा. हितं राहून, त्यांच्या फोटोखाली बसून इसरले. तिला तिकडं ठाऊक हुतं.

गुरुला सांगितलं, तर म्हणला योगायोग. शेजारच्या बजाबाईला सांगितलं, तर ती माझ्या कपाळाला हात लावून ताप बघायला लागली.

पूर्वी मी टेबलापाशी जाऊन सगळं एका दमात सांगायची, गिऱ्हाईक म्हणायचं मावशी परत सांगा, मी परत सांगायची. आता माणूस येतो, फोन बघतो, बोट दाखवतो, जेवून जातो. दिवसभरात तोंड उघडायला लागत न्हाय. तुमी ऐकताय तरी.

काय? अजून खाली काय हाय? तक्रार? कसली तक्रार, माझ्या जेवणाची? रिकामी चौकट हाय म्हणता. आन् लिव्हलं तर जातं कुणाकडं? — ज्यानं मेनू केला त्याच्याकडं म्हणता?

एवढे दिवस हे हितं हुतं आन् एकानंबी सांगितलं न्हाय. सांगतील कशाला, मी जेवणाचंच तेवढं वाचून घेत हुते.

करपू द्या ती भाकरी. लिव्हा. मला न्हाय येत त्या काचेवर, तुमीच लिव्हा. लिव्हा — जेवण बरं हाय. न्हाय, ते नको. लिव्हा, श्रावणात फोन आला हुता. व्हय, आला हुता, मघाशी न्हाय म्हणलं ते सोडा. येळवशीच्या आधीच्या श्रावणात. दुपारची येळ, हितं माणसं जेवायला. ‘अव्वा’ म्हणली. तेवढंच. आन् हितनं सांगितलं, राँग नंबर. आवाज वळखला हुता, असं लिव्हा. वळखून म्हणलं. दुसऱ्या दिवशीपासनं तो नंबर लावते, लागत न्हाय. राँग नंबर ऐकूनबी ती येळवशीला भज्जी लिव्हती, हे — हे लिव्हू नका, ते तिला ठाऊक हाय.

नाव मागतंय? कुणाबद्दल तक्रार ते? गुरुचं घाला. शेजारीच बसला हुता, त्याच्यासमोर कसं बोलायचं, तिच्याशी बोलायचं न्हाय म्हणून घरात त्यानंच आण घातली हुती सगळ्यांना. घातलं? — खोडा. खोडता येतं न्हवं? खोडा. त्यानं हात पुढं केला हुता, ‘कुणाचा हाय वैनी, द्या की इकडं’ म्हणून. फोन मी कमरेला खोचला आन् भाकरी थापायला बसले. राँग नंबर म्हणणारं दुसरं कोण न्हवतंच. माझं घाला, दादा. आडनाव नको, वळखंल ती. शिवम्मा.